आईच्या मापानं वारी

आई गेल्यापासून आम्ही भावंडं तिच्या नावानं वारीत अन्नदान करतो. पावती फाडून मोकळं होण्यापेक्षा, ती दिंडीची चूल जशी सांभाळायची तशी सांभाळत चालणं हीच आमच्या लेखी तिची खरी आठवण.

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. या सगळ्या दिवसांत चालणाऱ्यांच्या आधी जेवण पुढं पोचायला हवं. म्हणून चूल पहाटे तीनच्या आत पेटवायची आणि पालखी हलण्याआधी ट्रक काढायचा. दिंड्या रस्त्यावर आल्या की ट्रक अडकतो आणि दुपारच्या विसाव्याला माणसं उपाशी बसतात.

आईचं माप पक्कं होतं. चपात्यांसोबत भात असेल तर शंभर माणसांना दहा किलो तांदूळ, चार-पाच किलो तूरडाळ आणि चौदा किलो कणीक. किलोच्या पंचवीसेक मोठ्या चपात्या होतात. पण माणसं शंभर असली तरी ती शिधा एकशे पंधरांचा काढायची. कुठल्याच दिंडीत नाव नसलेले मोकळे वारकरी पंगतीच्या वेळी येऊन टेकतात. त्यांना वर्गणीचं कुणी विचारलेलं तिला खपत नसे. “माउली, आधी बसा,” एवढंच. वाढप्यांना मात्र ताकीद असे: पहिल्या पंगतीला भाजी जरा हात राखून वाढा, लागली तर पुन्हा फिरवा. सुरुवातीला ताटं भरली की शेवटच्या पंगतीला चटणीवर भागवावं लागतं, आणि शेवटी येतात ती बहुतेक म्हातारी, पाय ओढत चालणारी माणसं. ट्रकचा ड्रायव्हर आणि भांडी घासणाऱ्या बायका यांची ताटं ती आधीच झाकून ठेवायची. ही चाल आम्ही आजही मोडत नाही.

पावसाळी उकाड्यात भात लवकर आंबतो. गरम भातावर घट्ट झाकण घालून ट्रकात चढवला की वाफ आतच साचते आणि तो तासन्‌तास ओला, कोमट राहतो. म्हणून भात तळावर पोचल्यावरच शिजवायचा. वाटेसाठी चपाती, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट पिठलं. रस्सा ट्रकातून न्यायचाच नाही.

पुणे ते सासवड हा मोठा टप्पा, वर दिवे घाट, आणि बहुधा त्याच दिवशी एकादशी. शंभर जणांच्या खिचडीला दहा किलो साबुदाणा, पाच किलो दाण्याचं कूट. साबुदाणा दोनदा धुवायचा, पाणी दाण्यांच्या जेमतेम बरोबरीनं ठेवायचं. जास्त झालं की गोळा होतो आणि एवढ्या मोठ्या कढईत तो सुटत नाही. घाटात घाम फार जातो. आईच्या पिशवीत त्यासाठी साखर-मीठ असायचंच: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. गोड आवडतं म्हणून साखर वाढवू नये. जुलाब लागले असतील तर ते त्यानं वाढतात.

पायांकडे ती संध्याकाळी बघायची, आरतीच्या आधी. ओले मोजे काढा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, फोडाची कातडी ओढू नका. मधुमेह असलेल्याच्या फोडाला तर आपण हातच लावायचा नाही, थेट वैद्यकीय पथकाकडे न्यायचं. नव्या चपला घालून आलेल्यांना पहिल्याच मुक्कामी हे भोगावं लागतं.

बायकांच्या गरजा बोलून दाखवायला ती लाजली नाही. अंघोळीला आडोसा, सॅनिटरी पॅड, अंधारात शौचाला जाताना दोघींनी मिळून आणि बॅटरी घेऊन जायचं. दान द्यायचं असेल तर हे द्या. पुण्यात बिस्किटांचे ढीग लागतात, त्यात आणखी भर नको.

तिच्या नावाची पंगत द्वादशीला, उपवास सोडायला, पुरणपोळीची. एक किलो हरभराडाळीला एक किलो गूळ. डाळ पूर्ण निथळल्याशिवाय गूळ घालायचा नाही, नाहीतर पुरण सैल होतं आणि पोळी लाटताना फुटते. काढून ठेवलेला कट आमटीला जातो. जेवणं उरकली की उरलेला शिधा तिथल्याच एखाद्या मठाच्या कोठारात पोचवतो आणि पातेली घासून ट्रकात चढवतो.