लांब हात

"कै चाचू," म्हणजे हात पसर, डॉक्टर कन्नडमधनं म्हणाले आणि भाच्याचे पसरलेले हात टेपनं मोजले. उंचीपेक्षा हात जास्त. त्यांचा चेहरा तिथंच बदलला, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नंतर काढली.

मार्फान सिंड्रोम म्हणे. एका जीनमधल्या बिघाडानं शरीराला धरून ठेवणारं टिश्यूच सैल, म्हणून हृदयातनं निघणारी मोठी धमनी मुळाशी फुगत जाते मग व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि रक्त उलटं येतं. भाच्याची धमनी 50 मिमी झालीय, म्हणजे ऑपरेशन. स्वतःचा व्हॉल्व्ह वाचला तर बरं, मेटलचा बसवला तर रक्त पातळ करायची गोळी जन्मभर.

खानापूरच्या बसमध्ये ताई एवढंच बोलली, "व्हॉलीबॉलला लांब हात म्हणून किती मिरवलं की रे आपण."

बाबांचे हातपण असेच होते. पन्नाशीच्या आतच अचानक गेले. आईबापातल्या एकाला असलं तर प्रत्येक पोराला 50 टक्के चान्स.

घरात टेप आहे. ताईचे हात मोजू कसे?