बळीराजा, ४१ वेळा

१८ नोव्हेंबर २०२४, संध्याकाळचे ६. विधानसभेचा जाहीर प्रचार थांबला आणि माझं कामही. नऊ वर्षं मी पुढाऱ्यांची भाषणं लिहिली. पत्रकं, मोबाइलवर फिरणाऱ्या पोस्ट, ऑटोवरच्या भोंग्याचा मजकूर, सगळंच. निकालाला न थांबता राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आलो. कादंबरी लिहायची होती.

पुढच्या दिवाळीपर्यंत साडेतीनशे पानं झाली. हात सरावलेला होता, तोच नडला. गोष्ट एका कास्तकाराची, २०१७ची. त्या हंगामात यवतमाळात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला आणि फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. एक प्रकरण मामांना वाचून दाखवलं. तंबाखू मळत त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "हा बायकोसंग बोलून राह्यला का सभेत?"

भाषणात दर तीन-चार वाक्यांनी टाळीची जागा ठेवावी लागते. कागदाच्या कडेला मी पेन्सिलीने 'टा' लिहायचो. इथे 'टा' नव्हता, जागा मात्र तशाच होत्या. फाइलमध्ये 'बळीराजा' शोधला. ४१ वेळा! आमच्या गावात कोणी कोणाला बळीराजा म्हणत नाही. तो शब्द मंचावरून येतो, आणि तिथेही माझ्यासारख्याच कुणीतरी लिहून दिलेला असतो.

लिहिणं बंद केलं. मामीसोबत वेचणीला जाऊ लागलो. बोंडाची वाळकी टोकं नखांच्या कडेला टोचतात, दुपारपर्यंत बोटं चरचरतात. वेचता वेचता मामी एखादं बोंड फोडायची. आत पिवळा, चिकटून बसलेला कापूस. "कवडी हाय," म्हणायची आणि वेगळी टाकायची. बस, एवढंच. याच नुकसानीवर मी दोन पानांचा संवाद लिहिला होता.

ती दोन पानं गेली. त्यांच्यामागे दीडशे गेली.

पुण्याच्या एका प्रकाशकाने सुरुवातीची ३० पानं वाचून संवादातली वऱ्हाडी कमी करायला सुचवलं. ते मला सहज जमलं असतं, नऊ वर्षं तेच तर केलं. म्हणूनच नाही केलं. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, आता तिथे पाठवायला बाड नीट लावतोय.

'बळीराजा' एकदाच उरलाय, गावात आलेल्या पुढाऱ्याच्या भाषणात. ते भाषण मात्र एका बैठकीत झालं. त्यातला एक शब्दही नंतर बदलावा लागला नाही.