दीड हाताचं माळवद

लातुरात माझं मॉडेलचं काम. बिल्डरांच्या इमारती, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट, गणपतीत देखावे. हल्ली जुन्या घरांचीही हौस वाढलीय, पण गिऱ्हाईक फोटो घेऊन येतं. हा गृहस्थ वहीतला एक कागद घेऊन आला. किल्लारीकडचं घर, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात गेलेलं. फोटोही त्याखालीच गेले. कागदावर आठवणीतला नकाशा होता, माप एकही नाही. म्हटलं, आईंना घेऊन या.

मावशींना फूट विचारले. "फूट काय म्हाईत? पाच खणांचं व्हतं." खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा, ती घरोघर वेगळी.

"खणात बाज टाकली की शेजारून जाता यायचं का?"

"घागर कडेवर घेऊन जायचे की मी."

झालं. बाज तीन फूट, घागरीसकट बाई दोन. फुटाला अर्धा इंच धरला की खण अडीच इंचाचा. ढेलज, ओसरी, न्हाणी, सगळं असंच निघालं. चौकटीची उंची मालकांच्या फेट्यावरून.

माळवद म्हणजे लाकडावर मातीचे थर दिलेलं सपाट छत. त्याची जाडी मावशींनी टेबलावर हात उभा धरून दाखवली. कोपरापासून बोटांपर्यंत एक, वर अर्धा. गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा. जुना कोण काढतंय? उन्हाळ्यात घर गार राहायचं ते त्यामुळंच. आणि त्या पहाटे दगडमातीच्या भिंती फुटल्यावर माणसांवर आलं तेही तेच ओझं.

छत उचलून आतलं दिसावं, अशी मुलाची इच्छा होती. नुसत्या मातीनं सागाच्या बारीक पट्ट्या वाकतात, म्हणून आत थर्माकोल घालून वरून मातीचा हात दिला. मॉडेल न्यायला आले तेव्हा मावशींनी ते माळवद एका हातानं उचललं, जरा तोलून बघितलं.

"हलकं केलास, बरं केलास बाबा."

मुलगा उठून बाहेर गेला. मी काय बोलणार? चहा सांगितला.

चहा पिता पिता मावशींना बळद दिसलं, भिंतीतली धान्याची कोठी. "हे हिकडं कुनी केलं? चुलीमागच्या भिंतीत व्हतं." मुलगा म्हणाला, देवघराशेजारीच होतं, मी त्यात लपायचो. "कणगीत लपायचास तू!" चांगलीच जुंपली. शेवटी आईचं खरं धरून बळद चुलीमागं घेतलं, देवघराशेजारी एक कणगी ठेवली. कणगीचे पैसे लावले नाहीत.