परवाना तपासणारे अपडेट मी कसे दूर ठेवले

माझ्या घरच्या संगणकावर विंडोज ७ ची विकत घेतलेली, रीतसर ॲक्टिव्हेट केलेली प्रत होती, त्यामुळे परवाना तपासला जाण्याची मला भीती नव्हती. खात्री पटलेल्या प्रतीची पुन्हापुन्हा चौकशी करणारा प्रोग्रॅम सुरक्षेच्या दुरुस्त्यांच्याच यादीतून यावा, हे मात्र मला पटत नव्हते. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०१० मध्ये आणलेले केबी ९७१०३३ हे ते अपडेट (केबी क्रमांक म्हणजे कंपनी अपडेटला देते तो ओळख क्रमांक). ॲक्टिव्हेशन, म्हणजे परवान्याची खातरजमा, चुकवण्याच्या ७० हून अधिक युक्त्या ते ओळखत असे आणि नव्या युक्त्यांची माहिती घेण्यासाठी सुरुवातीला दर ९० दिवसांनी कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधत असे. ते ऐच्छिक आहे व केव्हाही काढून टाकता येते, असे कंपनीनेच जाहीर केले होते. माझा निर्णय त्याच आधारावर झाला.

त्यामागे जुना इतिहासही होता. २००६ मध्ये विंडोज एक्सपी या आधीच्या आवृत्तीसाठी आलेले तशाच कामाचे अपडेट रोज सर्व्हरशी संपर्क साधते हे उघड झाल्यावर टीका झाली आणि ती पद्धत बदलावी लागली. ऑगस्ट २००७ मध्ये तपासणीच्या सर्व्हरमध्येच बिघाड झाल्याने हजारो अस्सल प्रती बनावट ठरल्या. पैसे मोजून घेतलेल्या प्रतीवर असा शिक्का बसू शकतो, ही गोष्ट मला गंभीर वाटते.

सगळे अपडेट बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो मी मुळीच मानला नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा घातक प्रोग्रॅम पसरला तेव्हा त्याला रोखणारी दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झालेली होती, आणि ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांचे संगणक बळी पडले. त्यांत विंडोज ७ चेच संगणक सर्वाधिक होते. म्हणून कंट्रोल पॅनेलमधील विंडोज अपडेटमध्ये जाऊन मी, अपडेट आपोआप उतरवावेत पण बसवण्यापूर्वी मला विचारावे, हा पर्याय निवडला. त्यानंतर यादीतील प्रत्येक केबी क्रमांकाची माहिती वाचून मगच तो स्वीकारण्याची सवय लावून घेतली. हे वेळखाऊ होते, पण दुसरा प्रामाणिक मार्ग मला दिसला नाही.

केबी ९७१०३३ आधीच बसलेले होते. बसवलेल्या अपडेटच्या यादीतून ते अनइन्स्टॉल करून संगणक रीस्टार्ट केला. ते पुन्हा यादीत दिसताच त्याच्यासमोरची खूण काढली आणि राइट क्लिक करून ‘हाइड अपडेट’ निवडले. ही दुसरी पायरी गाळल्यास पहिलीचा उपयोग राहत नसे, कारण लपवले नाही तर तेच अपडेट पुन्हा समोर येत असे. सुधारित आवृत्ती निघाली तर लपवलेले अपडेटही नव्याने दिसू शकत असे, म्हणून यादीवर नजर ठेवावी लागे.

जानेवारी २०१९ मध्ये संस्थांच्या व्हॉल्यूम परवान्याचे (अनेक संगणकांसाठी एकत्रित घेतलेल्या परवान्याचे) विंडोज ७ असलेले अनेक संगणक अस्सल नसल्याचे दाखवू लागले, तेव्हा अशा संगणकांवरून हेच अपडेट काढावे, असे खुद्द कंपनीनेच सुचवले. माझा परवाना त्या प्रकारचा नव्हता. अपडेट काढल्यानंतर सिस्टिमच्या माहितीचे पान मी उघडून पाहिले होते. तळाशी विंडोज ॲक्टिव्हेट असल्याची नोंद पूर्वीसारखीच होती.