हळद तपासायचं आमचं यंत्र पेटंटला बसतं का: माझा अनुभव

मी सांगलीजवळ एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. दोन विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन साधारण दीड वर्ष आम्ही एक यंत्र करत होतो, जेवणाच्या डब्याएवढं, बॅटरीवर चालणारं, त्यात चमचाभर हळद पूड घातली की ते प्रकाशावरून सांगतं कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य, साधारण किती आहे आणि पुडीत काही घोळ वाटतोय का. सांगलीत राहून हळदीचं काही करावंसं वाटणं साहजिकच आहे, मार्केट यार्डात सौदे निघतात तेव्हा हळकुंड मोडून बघतात, रंग बघतात, वास घेतात, अनुभवी माणसाचा अंदाज फार चुकत नाही, पण पूड झाली की तोच माणूस हात वर करतो. लॅबमध्ये पूड अल्कोहोलमध्ये घालून कर्क्युमिन उतरवतात आणि ४२५ नॅनोमीटरचा, म्हणजे निळ्या-जांभळ्या रंगाचा प्रकाश त्यात किती शोषला जातो ते मोजतात, रिपोर्ट यायला वेळ लागतो, तोवर माल गेलेला असतो.

आमची कल्पना साधी होती. निळा प्रकाश पाडला की कर्क्युमिन हिरवट पिवळं चमकतं. मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट हे भेसळीचे रंग घालून पूड पिवळीधमक दिसते खरी, पण आमच्या मोजणीत ते तसं चमकताना दिसलं नाही. म्हणजे रंग भरपूर आणि चमक कमी असेल तर संशय घ्यायचा. निळा एलईडी, बाजारात तयार मिळणारी बरेच रंग वेगवेगळे मोजणारी सेन्सर चिप, एक फिल्टर, ब्लूटूथ, मोबाईलवर अ‍ॅप.

आता पेटंटचं. मला अगदी मनापासून वाटत होतं की हे नवीनच आहे, कारण आख्ख्या यार्डात असं काही कुणाकडे नव्हतं. पुण्याच्या एका पेटंट एजंटशी ओळखीतून बोलणं झालं, त्यांना मी ताईच म्हणते, तर ताईंचा फोनवरचा पहिला प्रश्न यंत्र कसं चालतं हा नव्हताच, त्यांनी विचारलं, "आजवर कुणाकुणाला दाखवलंय, आणि नेमकं काय दाखवलंय?"

कारण अर्जाआधीच शोध सगळ्यांपुढे आला की तो नवा राहत नाही. माझ्या पोटात गोळाच आला. आठ महिन्यांपूर्वी आम्ही एका प्रोजेक्ट स्पर्धेत पोस्टर लावलं होतं, त्याची पीडीएफ आयोजकांनी सगळ्यांसाठी खुली ठेवलेली. मी कुठेतरी वाचलं होतं की वर्षभराची सवलत असते, म्हणून जरा धीर होता, पण ताईंनी पेटंट कायद्याचं कलम ३१ नीट समजावलं. ती सवलत सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनाला आहे, किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेल्या किंवा तिच्या अंकात छापलेल्या निबंधाला आहे, कॉलेजच्या कुठल्याही स्पर्धेला नाही. रात्री अकरा वाजता आम्ही तिघं व्हिडिओ कॉलवर ते पोस्टर ओळ न् ओळ वाचत बसलो. त्यात चार चौकोन होते, प्रकाश, नमुना, सेन्सर, मोबाईल. नमुना ठेवायचा कप कसा आहे याचा एक शब्द नव्हता, कारण तो कप आम्ही नंतर केला. तेव्हा मला त्याचं महत्त्व कळलं नव्हतं.

यार्डात एका अडत्याच्या दुकानात आम्ही यंत्र चालवून बघितलं होतं, तेही सांगितलं. कलम ३२ मध्ये त्याला थोडी जागा आहे, अर्जाच्या आधीच्या वर्षभरात फक्त वाजवी चाचणी म्हणून आणि ती चारचौघांतच घेणं गरजेचं असेल तर निव्वळ त्या कारणावरून नवेपणा जात नाही. तरी ताईंनी तारखा, कोण हजर होतं, यंत्र उघडून दाखवलं का, सगळं लिहून घेतलं. उघडलं नव्हतं.

मग शोध. याला मी तीन आठवडे दिले आणि त्या तीन आठवड्यांत मी जितकं शिकले तितकं कुठल्या कोर्समध्ये शिकले नाही. आधी 'हळद', 'कर्क्युमिन', 'पोर्टेबल' असे शब्द टाकून शोधायचे, थोडंसंच सापडायचं आणि आम्ही खूश व्हायचो. ताईंनी सांगितलं शब्दांनी शोधू नका, वर्गाने शोधा. प्रत्येक पेटंटला वर्गीकरणाचा क्रमांक असतो. जी०१एन २१ म्हणजे प्रकाश वापरून पदार्थ तपासणं, त्यात २१/६४ म्हणजे चमक अर्थात फ्लुरोसन्स, २१/३५९ म्हणजे निअर इन्फ्रारेड, लाल रंगापलीकडचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, जी०१जे ३ म्हणजे स्पेक्ट्रोमीटर, प्रकाशातले रंग वेगळे करून मोजणारं यंत्र, जी०१एन ३३/०२ म्हणजे अन्नपदार्थ. हे क्रमांक एस्पेसनेट, गूगल पेटंट्स आणि आपल्या पेटंट ऑफिसची इनपास या पेटंट शोधायच्या वेबसाइटवर टाकल्यावर जो पूर आला तो बघून माझी विद्यार्थिनी गप्पच झाली. हातात धरायचे स्पेक्ट्रोमीटर, फोनला लावायचे स्पेक्ट्रोमीटर, डीव्हीडीचा तुकडा वापरून कागदी घडीचा केलेला स्पेक्ट्रोमीटर, २०१४ साली किकस्टार्टर या लोकांकडून पैसे उभे करायच्या वेबसाइटवर आलेला, खिशात मावणारा आणि खाण्याचे पदार्थ तपासणारा स्कियो, आणि मागे जात जात अमेरिकेच्या कृषी खात्यात कार्ल नॉरिस यांनी १९६० च्या दशकात धान्यावर केलेलं निअर इन्फ्रारेडचं काम. मुदत संपलेलं पेटंट असलं तरी ते आधीचं ज्ञान म्हणून मोजलं जातं, हे मला तोवर माहीत नव्हतं. प्रबंधसुद्धा मोजले जातात, शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर हळदीच्या चमकेवरचे प्रबंध मी स्वतः वाचले.

आणि हळदीच्या बाबतीत आपण हे विसरूच शकत नाही. १९९५ साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट दिलं गेलं, डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक होते, त्यांनी त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. कशाच्या जोरावर, तर जुने संस्कृत उतारे आणि १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला लेख. मी ही गोष्ट वर्गात अभिमानाने सांगत आलेय. आता तोच नियम माझ्या यंत्राला लागू होता, आणि तो लागू व्हायलाच हवा असं मला तेव्हाही वाटलं.

ताईंनी एक तक्ता करायला सांगितला. उभ्या ओळीत आपल्या यंत्राचा एकेक भाग, आडव्या ओळीत सापडलेली कागदपत्रं, ज्यात जे आहे तिथे खूण. निळा प्रकाश, खूण. फिल्टर, खूण. बरेच रंग मोजणारा सेन्सर, खूण. ब्लूटूथ आणि अ‍ॅप, खुणाच खुणा. चमक आणि परावर्तन यांचं गुणोत्तर काढणं, त्यालाही खूण. नवेपणा जाण्यासाठी एकाच कागदात सगळे भाग असावे लागतात आणि तसा एकही कागद सापडला नाही, त्यामुळे आम्ही आशेवर होतो, पण ताई म्हणाल्या नवेपणा ही पहिली पायरी, पुढे कलम २(१)(जेए) आहे. आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवं किंवा दोन्ही, आणि शिवाय त्या विषयातल्या जाणकाराला ते सहज सुचण्यासारखं नसावं. तिथे मात्र दोन-तीन कागद एकत्र ठेवून बघतात. दुसऱ्याचा हातातला फ्लुरोसन्स मीटर घेतला आणि हळदीवर धरला, हे जाणकाराला सुचणार नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

त्यात कलम ३. अ‍ॅपमधलं गणित एकट्याने चालत नाही, ३(के) मध्ये गणिती पद्धत आणि अल्गोरिदम बाहेर आहेत. माहीत असलेल्या यंत्राचा नुसता नवा उपयोग ३(डी) मध्ये अडकतो. आणि ३(एफ), माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापलं नेहमीचंच काम स्वतंत्रपणे करतेय, तर तो शोध नाही. हे वाचलं तेव्हा मला आमचा डबा डोळ्यांसमोर दिसला, एलईडी, सेन्सर, बॅटरी, ब्लूटूथ, एकाशेजारी एक. त्या रात्री मी खरंच खचले होते.

दुसऱ्या दिवशी ताईंनी वेगळंच विचारलं. "दीड वर्षात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?"

कपात. पूड ही फार त्रासदायक वस्तू आहे, सैल भरली की एक आकडा, दाबून भरली की दुसरा, आम्ही तिघांनी एकाच पुडीची तीन उत्तरं काढली होती. शिवाय दर वेळी आधी पांढरी टाइल ठेवून संदर्भ मोजायचा, मग ती काढून पूड ठेवायची, आणि दुकानात घाईत कुणीही टाइल ठेवत नाही, मग एलईडी तापला की आकडे सरकतात. यावर आम्ही कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या काकांकडून एक कप करून घेतला होता. वरून दट्ट्या दाबायचा. अर्ध्या वाटेवर पांढरी टाइल खिडकीखाली असते तेव्हा एक वाचन होतं, अजून दाबलं की तोच दट्ट्या टाइलला बाजूला सारतो, स्प्रिंग ठरावीक दाबाला पोहोचली की खटका बसतो आणि त्या खटक्यानेच दुसरं वाचन सुरू होतं. एका दाबण्यात दोन्ही कामं, आणि दाब कमी पडला तर पुडीचं वाचनच होत नाही. तिघांची उत्तरं जवळजवळ एक यायला लागली ती तेव्हापासून.

तक्त्यात ही ओळ मी घातलीच नव्हती! मला ते सुतारकाम वाटत होतं, शोध म्हणजे प्रकाश, सेन्सर, गणित असं माझ्या डोक्यात बसलेलं. आम्ही परत शोधायला बसलो. स्प्रिंगने पूड दाबणारे कप सापडले, आपोआप आत-बाहेर होणारी पांढरी टाइल सापडली, पण ती मोटरवर आणि दाबाशी तिचा काही संबंध नाही. दोन्ही एका दट्ट्याने बांधलेले आणि त्यावरच मोजणी अवलंबून, असं आम्हाला कुठे दिसलं नाही. ३(एफ) चं उत्तरही इथेच मिळालं, कारण इथे भाग स्वतंत्र नाहीत, दाब झाल्याशिवाय टाइल हलत नाही आणि टाइल हलल्याशिवाय पुडीचं वाचन नाही. ताईंचं लेखी मत आलं ते असं की प्रकाशाने हळद तपासणारं यंत्र म्हणून दावा, म्हणजे पेटंटमध्ये ज्यावर हक्क सांगायचा तो मजकूर, टिकणार नाही, या कपाच्या यंत्रणेवर अरुंद दावा टिकण्याची बरी शक्यता आहे, आणि तो हळदीपुरता न ठेवता कुठल्याही पुडीसाठी लिहावा.

मग त्यांनी विचारलं, "टाइल आणि दट्ट्या एकत्र बांधायचं कुणाला सुचलं?"

मी मागचे मेसेज उघडले. आम्ही काकांना दोन वेगळे दांडे काढून दिले होते, एक टाइलचा, एक दट्ट्याचा. काकांनी फोटो पाठवून लिहिलं होतं, मॅडम एकाच दांड्यावर दोन्ही होईल, माणूस विसरला तरी यंत्र विसरणार नाही. खटक्यावर वाचन सुरू करायचं हे माझ्या विद्यार्थ्याचं, पण बांधणं काकांचं. ताई स्पष्ट म्हणाल्या, नुसतं सांगितल्याप्रमाणे करून देणारा शोधकर्ता होत नाही, पण दाव्यातली मूळ कल्पना ज्याची आहे त्याचं नाव खऱ्या आणि पहिल्या शोधकर्त्यांत यायलाच हवं. कॉलेजातून एक-दोघांनी सुचवलं की त्यांना कामाचे पैसे दिलेत ना, मग कशाला. मला ते अजिबात पटलं नाही आणि मी तसं सांगितलं. हक्क कुणाचे यावरच्या बोलण्यात दोन महिने गेले, शेवटी अर्जदार म्हणून कॉलेज आणि काका दोघं, शोधकर्ते म्हणून आम्ही चौघं असं ठरलं.

प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज ऑनलाइन केला, मुंबई ऑफिसच्या हद्दीत, आम्हाला लागू असलेली फी १६०० रुपये. आता १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्यायचा, नाही तर अर्ज सोडून दिल्यासारखा होतो, आणि तपासणीची विनंती २०२४ च्या नियमांप्रमाणे ३१ महिन्यांच्या आत. पूर्ण तपशिलासाठी आम्ही मिरची, धने आणि बेसनावरही मोजण्या घेतोय.

सह्यांसाठी मी फॉर्म घेऊन कुपवाडला गेले होते. काका म्हणाले, "माझं नाव कशाला मॅडम, मी काय शिकलोय." मी त्यांना त्यांचाच मेसेज दाखवला. त्यांनी हात पुसले, फॉर्म लेथच्या बाजूच्या टेबलावर सपाट केला, नाव नीट वाचलं आणि सावकाश मराठीत सही केली. पेन परत देताना म्हणाले, "ती स्टेनलेसची स्प्रिंग आणलीय का? पावसाळ्यात ही गंजणार, मग दाब बदलेल."