ऊर्जा किती, याइतकेच ऊर्जा कुठे

पेशी सरकते कशी, हे सांगताना सुरुवात बहुधा ॲक्टिन या प्रथिनापासून होते. पेशीच्या पुढच्या कडेला ॲक्टिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन तंतू वाढतात आणि पेशीपटलाला आतून रेटतात, तर मागची बाजू मायोसिन या दुसऱ्या प्रथिनामुळे होणाऱ्या आकुंचनाने पुढे ओढली जाते. तंतूत सामील होणारा ॲक्टिनचा रेणू सोबत एटीपी (पेशीतील कामांना ऊर्जा पुरवणारा रेणू) घेऊन येतो, तो तंतूतच खर्ची पडतो, आणि तंतूपासून सुटलेल्या रेणूला पुन्हा कामाला लावायचे तर नवा एटीपी लागतो. हा खर्च मुख्यतः कडेच्या अरुंद पट्ट्यात होतो, याकडे पाठ्यपुस्तकांचे फारसे लक्ष नसते. एटीपी तयार करणाऱ्या तंतुकणिकांना (मायटोकॉन्ड्रियांना) ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’ म्हणून आपण मोकळे होतो. ते केंद्र पेशीत कुठे बसले आहे, हे कोणी विचारत नाही. वास्तविक धरण भरलेले असले, तरी कालव्याच्या टेलच्या शेताला पाणी पोचेलच, याची खात्री नसते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. एटीपी हा लहान रेणू असून वीस-तीस मायक्रोमीटरचे अंतर तो विसरणाने (म्हणजे आपोआप पसरत जाऊन) काही सेकंदांत कापू शकतो. मग तंतुकणिका कुठेही असल्या, तरी काय बिघडले? मात्र मागणी जिथे सतत चालू असते, तिथे केवळ पोचण्याचा वेग पुरत नाही. तिथला एटीपी आणि एडीपी (एटीपी खर्ची पडल्यावर उरणारा रेणू) यांचा परस्पर प्रमाणाचा समतोलही टिकावा लागतो. हे तपासण्यासाठी अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ मध्ये उंदराच्या भ्रूणातील अशा पेशी वापरल्या, ज्यांच्यात मायरो-१ हे प्रथिन नव्हते. पेशीतील रुळांसारख्या सूक्ष्मनलिकांवरून धावणाऱ्या वाहक प्रथिनांशी तंतुकणिका जोडण्याचे काम मायरो-१ करते. ते नसल्यामुळे तंतुकणिका केंद्रकाभोवती गोळा झाल्या, एटीपीचे एडीपीशी असलेले प्रमाण कडेकडे जाताना घसरले, आणि पेशींची हालचाल मंदावली. माझ्या मते आक्षेपाला याहून नेमके उत्तर क्वचितच मिळेल, कारण या प्रयोगात मुख्यतः ऊर्जाकेंद्रांची जागाच बदलली होती.

सूत्रकृमीतील उदाहरण मला अधिक बोलके वाटते. सीनोऱ्हाब्डायटिस एलिगन्स या सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या कृमीच्या वाढीत ‘अँकर’ नावाची एकच पेशी आपल्याखालील आधारपटल (ऊतींना वेगळे ठेवणारा प्रथिनांचा पातळ थर) भेदते, आणि त्यातून गर्भाशय व जननमार्ग यांचा सांधा तयार होतो. एरवी हे पटल विरघळवायला ती विकरांची (एन्झाइमांची) मदत घेते. ड्यूक विद्यापीठातील डेव्हिड शेरवुड यांच्या प्रयोगशाळेने ही विकरे काढून टाकली, तेव्हा पेशी थांबली नाही; उशिरा का होईना, तिने ॲक्टिनच्या जोरावर पटल फोडले, आणि त्या वेळी तिच्या तंतुकणिका नेमक्या भेदनाच्या जागी जमल्या होत्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामानुसार, विकरांसोबत तंतुकणिकांचा एटीपी-पुरवठाही तोडला, की भेदन अडते. रसायनाने होणारे काम बळाने करायचे, तर जास्तीची ऊर्जा त्याच जागी लागते.

अर्थात तंतुकणिका सगळीकडे पोचू शकत नाहीत. नव्या रक्तवाहिन्यांच्या टोकाशी असलेल्या पेशी जी अतिशय पातळ पटले आणि बोटांसारखे प्रवर्ध पुढे काढतात, त्यांत तंतुकणिका जवळजवळ नसतातच. बेल्जियममधील पीटर कार्मेलिएट यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले, की तिथे ग्लायकोलिसिसची (तंतुकणिकांविना ग्लुकोज तोडून एटीपी मिळवण्याच्या प्रक्रियेची) विकरे ॲक्टिनच्या सान्निध्यात असतात आणि एटीपी जागच्या जागी तयार होतो. ग्लुकोजच्या एका रेणूमागे मिळणारा एटीपी या मार्गाने फारच थोडा असतो, पण तो लवकर मिळतो.

तंतुकणिका नेहमी पुढेच जातात, असाही नियम नाही. स्थलांतर करणाऱ्या लसिकापेशींमध्ये (लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींमध्ये) त्या मागच्या टोकाला गोळा होतात, कारण पेशीला पुढे ढकलणारे मायोसिनचे आकुंचन तिथे चाललेले असते.

कर्करोगाच्या संदर्भात मात्र हा विषय अस्वस्थ करतो. पीआय-३ कायनेज या विकराला रोखणारी औषधे ट्यूमरची वाढ थांबवण्यासाठी दिली जातात. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेतील संशोधकांना २०१५ मध्ये असे आढळले, की प्रयोगशाळेत या औषधांना सामोऱ्या गेलेल्या ट्यूमर-पेशींच्या तंतुकणिका कडेला सरकतात आणि पेशींची आजूबाजूला घुसण्याची क्षमता वाढते. त्यामुळे अशा औषधाची परीक्षा केवळ पेशींच्या संख्येवर न करता त्यांच्या हालचालीवरही करायला हवी, आणि तंतुकणिकांची वाहतूक रोखणारे दुसरे औषध जोडीला द्यावे का, हा प्रश्नही त्यासोबतच तपासायला हवा.