फळा, डस्टर आणि बाईंची टाळी

संगणकाच्या एका तासाला बाईंनी संगणक सुरूच करू दिले नाहीत. फळ्यावर मोठ्या अक्षरात १० लिहिले आणि मला व माझ्या शेजारच्या मित्राला उभे केले. फळ्यावरचा आकडा वाचायचा, जागेवर येऊन वहीत त्यात एक मिळवायचा, परत जाऊन नवा आकडा फळ्यावर लिहायचा, एवढेच काम. अट एकच: बाईंनी टाळी वाजवली की ज्याचे काम चालू असेल त्याने असेल तिथे थांबायचे आणि दुसऱ्याने सुरू करायचे.

मी दहा वाचले, वहीत अकरा लिहिले आणि उठणार तोच टाळी पडली. मित्र गेला. फळ्यावर अजून दहाच होते. त्याने वाचले, एक मिळवला, अकरा लिहून आला. पुन्हा टाळी. मग मी गेलो आणि माझ्या वहीतले अकरा लिहिले. दोघांनी एकेक मिळवला, दोघांचीही बेरीज बरोबर, आणि फळ्यावर बाराऐवजी अकरा!

“चुकलं कोण?” बाईंनी विचारले. कुणालाच सांगता येईना.

याला रेस कंडिशन म्हणतात, हे पुढे कॉलेजात कळले. ‘एक मिळव’ ही आपल्या दृष्टीने एक ओळ असते, पण साधारणपणे प्रोसेसरला त्यासाठी तीन पायऱ्या लागतात: मेमरीतून वाचणे, मिळवणे, परत लिहिणे. ऑपरेटिंग सिस्टीम यांतल्या कोणत्याही दोन पायऱ्यांमध्ये एक प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, थांबवून दुसरी चालू करू शकते; हीच बाईंची टाळी. माझ्या पहिल्या नोकरीत एका मोजणीचा आकडा कधीतरी एखाद्याने कमी यायचा, तोही कामाचा ताण वाढला तरच. शोधण्यासाठी मी मध्ये नोंदी छापायला लागलो, तर चूक दिसेनाशी झाली. नोंदी छापण्यात वेळ जायचा आणि टाळी पडायची जागा बदलायची. तिसऱ्या रात्री मी कागदावर १० लिहिले, शेजारी दोन वह्या काढल्या, आणि चूक सापडली.

त्या तासाला बाईंचा पहिला उपाय होता डस्टर. ज्याच्या हातात डस्टर त्यानेच फळ्याला हात लावायचा. वाचण्यापासून लिहिण्यापर्यंत डस्टर सोडायचा नाही, टाळी पडली तरी. दुसऱ्याने त्याची वाट पाहायची. फळ्यावर बारा आले. हाच लॉक, आणि डस्टर हातात असतानाचे काम म्हणजे क्रिटिकल सेक्शन. मग बाईंनी खडूही एकच ठेवला. मी डस्टर उचलला, टाळी पडली, मित्राने खडू उचलला. आता मला खडू हवा, त्याला डस्टर. दोघेही नियम पाळत होतो आणि दोघेही अडकलो होतो. बाई टाळ्या वाजवत राहिल्या, फळा कोराच. डेडलॉकचे याहून स्पष्ट चित्र मी अजून पाहिलेले नाही. आधी डस्टर, मगच खडू, हा क्रम सगळ्यांनी पाळला की ही कोंडी होत नाही, हेही तिथेच कळले.

१९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक काही दिवसांनी आपोआप पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागला. एका कमी महत्त्वाच्या कामाच्या हाती डस्टर होता, एक फार महत्त्वाचे काम त्यासाठी खोळंबले होते, आणि मधल्या महत्त्वाची कामे डस्टरवाल्याला पुढे सरकूच देत नव्हती. डस्टर हातात असेपर्यंत त्याला वाट पाहणाऱ्याचा मान द्यायचा, ही सोय पृथ्वीवरून चालू केली आणि अडचण मिटली. हे वाचले तेव्हा मला आमचा वर्ग दिसला.

तास संपता संपता बाईंनी विचारले, “डस्टरच नसेल तर? फक्त फळ्यावर लिहून-वाचून दोघांना पाळी सांभाळता येईल?” आम्ही विचार करत होतो तोच घंटा झाली आणि प्रश्न तसाच राहिला.

पुढे कळले की दोघांपुरते उत्तर डेकर या डच गणितज्ञाने शोधले होते, १९६५ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी कितीही जणांसाठीचे उत्तर छापले, आणि १९८१ मध्ये संगणकशास्त्रज्ञ पीटरसन यांनी दोघांसाठीचे इतके सोपे केले की ते फळ्याच्या कोपऱ्यात मावते. बाई, ते उत्तर आज लिहितो.

फळ्यावर दोघांची एकेक खूण आणि एक ‘पाळी’. आत जायचे असेल तर आधी आपली खूण करायची, मग पाळीत दुसऱ्याचे नाव लिहायचे. दुसऱ्याची खूण आहे आणि पाळीत त्याचेच नाव आहे, तोवर थांबायचे. काम झाले की आपली खूण पुसायची. दोघे एकदम आले तरी पाळीत नाव एकच उरते, म्हणून ज्याने शेवटी लिहिले तो थांबतो. टाळी कुठेही पाडून पाहा. मात्र क्रम उलटा केला, म्हणजे आधी पाळी लिहिली आणि खूण नंतर केली, तर मी पाळी लिहून थांबताच मित्र पाळीत माझे नाव लिहितो, खूण करतो, माझी खूण नाही म्हणून आत शिरतो. पुढच्या टाळीला मी खूण करतो, पाळीत माझेच नाव दिसते, आणि मीही आत. आजचे प्रोसेसर वेगासाठी लिहिण्या-वाचण्याचा क्रम आतल्या आत बदलतात, म्हणून पाळी लिहिणे आणि दुसऱ्याची खूण पाहणे यांच्यामध्ये मेमरी बॅरियरची, म्हणजे ‘आधीचे लिहून पूर्ण झाल्याशिवाय पुढचे वाचू नको’ अशी, सूचना द्यावी लागते. एवढी एक ओळ तुमच्या फळ्यावर लागली नसती.